तीन बोटांची तपासणी

सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरला दिवसभर बोलावं लागतं, पण ते एकतर्फी. समोरच्याच्या तोंडात आरसा, तो नुसता ‘आं’ करतो. पन्नास-साठ तोंडं पाहून मी खोलीवर यायचे, कुकर लावायचे आणि भिंतीकडं तोंड करून जेवायचे. आंबागडच्या वाटेवरच्या त्या गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. घरून फोन यायचा, तो लग्नाचं विचारायला. म्हणून तोही मी उचलत नसे.

घरमालकीण मात्र न चुकता यायची. स्वयंपाक आटोपून माझ्या पायरीवर बसायची. “काय करून राहिली वं पोरी? आज पण एकटीच जेवली का?” मग प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन तळव्यानं खर्रा घोटायची आणि धानाच्या बांधीतल्या पाण्यापासून जावेच्या कुरबुरीपर्यंत सगळं सांगायची. आल्यागेल्याला चिमूटभर खर्रा द्यायचा, ही तिकडची रीत. मलाही द्यायची. मी नको म्हणाले की खो खो हसायची. या खर्र्यानं तोंड आखडत जातं, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रागावून ती यायची थांबली असती तर? डॉक्टर असून मी गप्प बसले, कारण मला सोबत हवी होती.

पुढं शाळेत तपासणी लागली. तोंड किती उघडतं ते पाहायला आम्ही मुलांना आपलीच तीन बोटं उभी धरून दातांत घालायला सांगतो. सातवीतल्या एका मुलीची दोनच गेली. ती घरमालकिणीची मुलगी होती. “खर्रा कोण देतं?” मी विचारलं. “माय देते. धानाच्या रोवणीले जातो तवा,” ती सरळ म्हणाली.

माझं डोकं फिरलं. थोडा राग तिच्या आईवर होता, बराचसा माझ्यावरच. पण निघाला तो आईवर. त्याच दुपारी शाळेत मातांची सभा होती. मी मुलीला पुढं उभं केलं, दोन बोटं सगळ्यांना दाखवायला लावली आणि म्हणाले, “जी आई लेकराला हे देते, तिला लाज वाटायला हवी.” घरमालकीण समोरच बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. ज्यांच्या कमरेला तेव्हाही खर्र्याची पुडी खोचलेली होती, त्या बायाही तिच्याकडं वळून पाहायला लागल्या. हेडमास्तरांनी माझं कौतुक केलं. मला ते आवडलं, हेही लिहून टाकते.

त्या संध्याकाळी पायरीवर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माफी मागायला गेले, तर तिनं आत बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, “तुमचं काही चुकलं नाही मॅडम.”

पण दर गुरुवारी मुलीला घेऊन ती दवाखान्यात यायची. चिठ्ठी काढून, रांगेत उभी राहून. घरातला खर्रा तिनं बंद केला होता, स्वतःचाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू वाढवायच्या, हा व्यायाम मी शिकवला होता. तो ती मुलीकडून रोज दोनदा करून घ्यायची. मी विचारलं तेवढंच सांगायची. त्या दहा मिनिटांसाठी मी गुरुवारची वाट पाहायला लागले. काल केस धुतले, असली साधी गोष्टही आता कुणाला सांगणार?

आजार सुरुवातीचाच होता. पावसाळा सरता सरता मुलीचं तिसरं बोट आत गेलं. पोरगी हसली. आईनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच आपणहून विचारलं, “आता यायचं काम नाही ना मॅडम?”

सहा महिन्यांतून एकदा दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

“अजून दोन महिने,” मी म्हणाले, “दर गुरुवारी.”

ती मजुरी बुडवून यायची, हे मला माहीत होतं.