पुकारलं ते दिलं

बोरतळ्यात घड्याळ चुकलं तरी चालायचं, पण गुरुबसप्पाचा पुकारा चुकलेला कुणाला आठवत नव्हता. उदगीरहून देगलूरकडे जाताना डाव्या हाताला फाटा फुटतो, तिथून आत गेलं की हे गाव लागतं. फाट्यावर त्याचं मंडप-स्पीकरचं दुकान. पाटी ‘दानम्मा साउंड सर्व्हिस’. गाव म्हणायचं, गुड्डापूरच्या देवीचं नाव दिलंय. बायको दानम्मा म्हणायची, माझं दिलंय. गुरुबसप्पानं दोघांनाही कधी खरं सांगितलं नाही, त्यामुळे घरातही शांतता आणि देवळातही मान.

लग्नाचे मंडप त्यानं पुष्कळ घातले, पण त्याचा जीव पुकाऱ्यात. लुनाच्या मागे बॅटरी, पुढच्या दांडीला भोंगा आणि हातात माईक. कुणाची म्हैस हरवली, लाईट कधी येणार, पोलिओचा डोस कुठं आहे, सगळं गाव त्याच्या तोंडून ऐकायचं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या दुष्काळात तर टँकर शिवेवर दिसला रे दिसला की गुरुबसप्पा पुढे आणि टँकर मागे अशी वरात निघायची. त्या उन्हाळ्यात बायका म्हणायच्या, “पाण्याआधी अप्पाचा आवाज येतो, अन् आवाजानंच निम्मी तहान भागते.” हे वाक्य गुरुबसप्पानं सोन्याच्या अंगठीसारखं जपून ठेवलं होतं.

अशा माणसाचे दात पडायला लागले.

एक हलला, दुसरा किडला, तिसरा ऊस सोलताना उसातच राहिला. नांदेडला दिलेली लेक गौरम्मा सुट्टीला आली, तिनं बापाला भाकरी चघळताना पाहिलं आणि सरळ नांदेडला नेऊन दाताच्या डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टर म्हणाले, राहिलेले सगळे काढू, हिरड्या भरल्या की माप घेऊ आणि छान कवळी बसवू. गुरुबसप्पा खुशीत तयार झाला. रिकामं तोंड घेऊन बसमधून परतताना त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, “पुढल्या वक्ताला कडक भाकरी खाऊन दाखवतो तुमाला.”

आणि टाळेबंदी लागली.

सुरुवातीला गंमत वाटली. तोंडाला रुमाल बांधायचा हुकूम निघाला तेव्हा गावात खूश झालेला तो एकटाच माणूस. बोळकं झाकलं गेलं. पुढे जिल्ह्याबाहेर जायला पास लागायला लागला. शाळेतल्या गुरुजींनी मोबाईलवर त्याचा अर्ज भरला, कारण लिहिलं ‘दात बसवणे’. पास नामंजूर झाला.

“तातडीचं कारण पायजे म्हणतात, अप्पा.”

“अरे, भूक तातडीची न्हाई तं काय हाय?”

मग पास उठला, बस सुरू झाली. गुरुबसप्पानं फोन लावला, तर दवाखान्यातली बाई म्हणाली, सध्या फक्त दुखणारे दात पाहतो. तुमचा कुठला दुखतोय?

गुरुबसप्पानं जिभेनं तोंडातून एक फेरी मारली. “माझे तर दातच न्हाईत, बाई.”

“मग दुखणार काय? थांबा थोडे दिवस.”

दानम्मा हे ऐकून हसत चुलीपुढे लोळायचीच बाकी राहिली. तिचं काम मात्र वाढलं होतं. लिंगायताच्या घरात कडक भाकरीचा डबा भरलेला आणि घरधनी दुधात काला करून खातोय. ती भाकरी उखळात कुटून द्यायची आणि म्हणायची, “नातवंडं मोठी झाली म्हणून वाईट वाटत होतं. देवानं परत एक लेकरू दिलं.”

हे सगळं त्यानं हसून काढलं. हसता आलं नाही ते पुकाऱ्याचं.

दातांशिवाय शब्द नुसते सांडायला लागले. ‘सावधान’चं ‘शावधान’ व्हायचं, फुंकर मारावी तसा ‘फ’ माईकमधून वारा घालायचा. एका संध्याकाळी सरपंच व्यंकटराव ओट्यावर येऊन बसले. खिशातून त्यांनी बोटाएवढा पेन ड्राइव्ह काढला.

“अप्पा, यात सगळ्या सूचना भरलेल्या हायेत. हात धुवा, अंतर ठेवा, समदं. लातूरच्या एका बाईचा आवाज हाय. लई साफ बोलती. घंटागाडीवर लावून देऊ. तुमी आता आराम करा.”

गुरुबसप्पानं पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हिला बोरतळ्यात कुणाची म्हैश कुठली, ते ठावं हाय का?”

“म्हशीचं बघू नंतर. आता लोकांना समजलं पायजे, जी. तुमचं बोलणं... राग मानू नका, पण मागच्या वक्ताला अर्ध्या गावानं ‘शाबण’ म्हणजे काय, म्हणून इचारलं.”

चाळीस एक वर्षं जो भोंगा त्याचा होता, तो आता एका न पाहिलेल्या बाईचा होणार होता. तेवढ्यात आशाताई केवळाबाई लगबगीनं आल्या. उद्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर गावात तपासायला येणार होते आणि गावाला अजून पत्ता नव्हता. आसपासच्या गावांत अशी शिबिरं ओस पडली होती. नाकात काडी घालतात, पॉझिटिव्ह निघालं की उचलून नेतात, असं लोकांच्या मनात बसलेलं.

“पुकारा करावा लागतो आत्ताच्या आत्ता,” केवळाबाई म्हणाल्या. “त्या बाईच्या पेन ड्राइव्हमधी बोरतळ्याचं शिबिर हाय का?”

नव्हतं. व्यंकटरावांनी मान खाजवली. “बरं, अप्पा, एवढा एक करा. उद्या लोक आले तर भोंगा तुमचा. न्हाई आले तर...”

“तर तुमचा,” गुरुबसप्पा म्हणाला आणि लुनाला किक मारली.

त्या संध्याकाळी तो जितकं जपून बोलला तितकं लग्नात मंगलाष्टकं म्हणणारा भटजीही बोलत नसेल. गल्लीच्या तोंडाशी लुना थांबवायची, घसा खाकरायचा आणि एकेक शब्द वेगळा काढून ठेवायचा. “उद्या शकाळी शाळेत मोफत चाचणी. घरातल्या शर्वांनी यावं. आपापलं आधार कार्ड आणावं.”

आता ‘चाचणी’ हा शब्द म्हणून बघा. दुसऱ्या ‘च’ला जीभ वरच्या दातांच्या मागे जाऊन टेकते. गुरुबसप्पाच्या जिभेला टेकायला तिथं काही नव्हतंच. भोंग्यातून जे निघालं ते ना धड ‘चाचणी’ होतं, ना ‘चातणी’. शेंगाच्या चटणीवर वाढलेल्या गावानं ते आपल्या परीनं पुरं करून घेतलं.

मोफत चटणी.

कुणाला शंकाही आली नाही, कारण ते दिवसच तसे होते. कुणी तांदूळ वाटत होतं, कुणी तेल. उदगीरच्या एका लिंगायत व्यापाऱ्यानं दासोह, म्हणजे अन्नदान, घातलाय, असं वरच्या गल्लीत पक्कं झालं. खालच्या गल्लीत ठरलं की चटणी लसणाची आहे आणि लसूण करोनावर चांगला असतो, म्हणून सरकारच देतंय. आधार कार्ड मागितल्यामुळे तर उरलीसुरली शंकाही गेली. रेशनला नाही का लागत?

सकाळी डॉक्टर गाडीतून उतरले आणि जागीच थबकले. शाळेच्या मैदानात चुन्यानं आखलेल्या एकेका गोलात एकेक माणूस उभा होता. रांग फाटकाबाहेर पिंपळापर्यंत गेलेली. म्हातारे आले होते, लेकुरवाळ्या आल्या होत्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला गुंडप्पा पैलवानही रुमाल बांधून उभा होता.

“काय जागरूक गाव आहे!” डॉक्टर म्हणाले. व्यंकटरावांची छाती फुगली. गुरुबसप्पा तर शाळेच्या भिंतीला टेकून रुमालाआड असा हसत होता की कान हलत होते. भोंगा राहिला!

पहिल्या गोलात लक्ष्मीबाई. गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात पुढे. केवळाबाईंनी पुढं बोलावलं तशी तिनं पदराखालून वाटी काढली.

“काकू, वाटी कशाला?”

“मग काय ओंजळीत घेऊ?”

“काय घेणार?”

“चटणी, बाई! अप्पानं काल बोंबलून बोंबलून सांगितलं न्हाई का?”

तेव्हा केवळाबाईंचं लक्ष रांगेकडे गेलं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. वाटी, डबा, तांब्या. गुंडप्पा पैलवानानं पातेलं आणलेलं. एका बाईनं तर फडक्यात भाकरीही बांधून आणली होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू गोलातून गोलात उड्या मारत फाटकापर्यंत गेलं. डॉक्टर खुर्चीवर बसून डोळे पुसायला लागले. पण हसून झाल्यावर मागची माणसं डबे झाकून वळायला लागली. चटणी नाही म्हटल्यावर नाकात काडी घालून घ्यायला कोण थांबतो?

गुरुबसप्पाच्या कानांचं हलणं थांबलं होतं. व्यंकटराव त्याच्याकडे बघत नव्हते. हात मात्र त्यांचा खिशावर होता, पेन ड्राइव्हच्या खिशावर.

तो भिंतीपासून सुटला आणि लुनाकडे गेला. लोकांना वाटलं, निघाला घरी. त्यानं भोंगा मैदानाकडे वळवला.

“थांबा! कुणी जायाचं न्हाई. ह्या तोंडातून टँकर आला म्हणून निघालं अन् टँकर आला न्हाई, अशं झालं का कधी?”

“न्हाई!” रांगेतून आवाज आला.

“मग चटणी म्हणून निघालं अशंल, तं चटणी भेटंल. पर आधी नाक, मंग चटणी!”

माईक ठेवून तो रांगेत उभ्या बायकोकडे वळला आणि एवढ्या मोठ्या पुकाऱ्यानंतर अगदी बारीक आवाजात म्हणाला, “दाने, गौरम्माला पाठवायच्या शेंगा हायेत की घरी?”

दानम्मानं कमरेवर हात ठेवले. “हायेत. गाव जेवू घालाया न्हाई ठेवल्या.”

“पुकारा गेलाय गं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. रुमाल सरकला होता आणि बोळकं उघडं पडलं होतं. “चला,” ती शेवटी म्हणाली, “लेकीला सांगू, तुझ्या शेंगा गावच्या तोंडात गेल्या. तुझ्या बापाच्या तोंडापायी.”

शाळेच्या मागच्या चुलीवर शेंगदाणे भाजायला पडले. चार घरची उखळं आली, कुणी लसूण आणला, कुणी तिखट. बायका अंतर ठेवून बसल्या आणि मुसळं आळीपाळीनं पडायला लागली. शेंगदाण्याला तेल सुटलं तसा वास मैदानावर पसरला, आणि वळलेली माणसं परत आपापला गोल शोधायला लागली. त्यावरून भांडणंही झाली.

लक्ष्मीबाईनं नाकात काडी घालून घेतली, दोनदा शिंकली आणि वाटी पुढे केली. “आता वाढ. अन् काडीचं दुखलं, म्हणून एक चमचा जास्तीचा.” गुंडप्पा पैलवान काडी बघूनच मागं सरकला, तेव्हा ती ओरडली, “अरं, कुस्तीत नाक फोडून घेतोस, ही काडी चावती का तुला?” मग त्यालाही लाजेनं बसावं लागलं. डॉक्टर प्रत्येकाला सांगत होते, घरी नेऊन खा, इथं तोंड उघडू नका. जाताना त्यांनी स्वतःसाठीही पुडी बांधून घेतली.

तिघा-चौघांना आजार निघाला. शाळेच्याच दोन खोल्यांत ते राहिले, वेळेवर औषध मिळालं आणि बरे होऊन घरी गेले. पुढे व्यंकटरावांनी पेन ड्राइव्हमध्ये नातवासाठी गाणी भरून तो टीव्हीला लावल्याचं कळलं. आसपासच्या गावांचे सरपंच फोन करून विचारायचे, “तुमच्याकडं लोक कसे काय आले?” तर व्यंकटराव म्हणायचे, “आमच्याकडं माणूस हाय.”

दिवाळीनंतर नांदेडहून निरोप आला. या, तुमचा नंबर लागला.

गुरुबसप्पा शेंगांचं नवं गाठोडं घेऊन गेला. मापं झाली, फेऱ्या झाल्या, आणि एक दिवस पांढरीशुभ्र कवळी तोंडात बसली. डॉक्टर म्हणाले, “काहीतरी मोठ्यानं बोला बघू.”

गुरुबसप्पा ताठ बसला आणि गरजला, “ऐका! उदगीर जिल्हा झाला!”

बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. डॉक्टरांनी विचारलं, “कधी झाला?”

“झाला न्हाई अजून, निस्ती मागणी हाय. सराव करून राहिलो.”

गावात परतला त्या दिवशी त्यानं गल्लीतून उगाचच दोन चकरा मारल्या, ज्याला त्याला हसून दाखवलं. रात्री ताटात अख्खी कडक भाकरी घेतली आणि ती मोडताना जो आवाज झाला, तो दानम्मानं डोळे मिटून ऐकला.

खरी परीक्षा झाली ती शाळा उघडायची तारीख आली तेव्हा. वर्षभरानंतर पोरं वर्गात बसणार. याहून गोड पुकारा कुठला? त्यानं लुना पुसली, भोंगा बांधला. दानम्माही हौसेनं चौकापर्यंत चालत आली. त्यानं माईक तोंडाशी धरला.

“सोमवारपासून शाळा सुरू!”

प्रत्येक ‘स’बरोबर कवळीतून अशी शीळ निघाली की दोन कुत्री उठून उभी राहिली. लक्ष्मीबाई दारात आली. “कोण बोलून राहिलं हे? ती लातूरची बाई आली का काय?”

“मीच हाय, काकू!”

“तू न्हाईस. आमचा अप्पा अशा शिट्ट्या मारत न्हाई.”

पोरंही बाहेर आली, पण लांबूनच बघत राहिली. एक म्हणालं, शाळा उघडायची असती तर अप्पानंच सांगितलं असतं की. गुरुबसप्पानं पुन्हा सांगितलं, पुन्हा शीळ वाजली. पोरं खिदळली, विश्वास मात्र कुणाचाच बसला नाही.

मग त्यानं भिंतीकडे तोंड करून कवळी काढली आणि दानम्मापुढे धरली. तिनं पदराचं टोक पुढं करून ती घेतली आणि गाठ मारली.

“नीट धर,” तो पुटपुटला.

“बोला तुमी बिनघोर. लग्न झाल्यापासून तुमच्यावर दातच धरून हाय मी.”

गुरुबसप्पा हसत हसत वळला, बोळक्या तोंडाला माईक लावला आणि पुकारला, “शोमवारपाशनं शाळा शुरू!”

पोरांनी जी आरोळी ठोकली, ती फाट्यावर बसची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू गेली.