बहिणीचं लग्न आणि आमचं रॉकेट

मंडळी, आज शेलूला धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे गेलो होतो. तिच्या नातीला रॉकेट बनवणारी इंजिनियर व्हायचंय. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही तेच केलंत ना? काय मिळालं, काय गेलं?"

मी सांगितलं, की ऐंशीच्या दशकात सुमनचं दहिवलीत लग्न होतं. त्याच आठवड्यात आमचं रॉकेट सुटणार होतं, म्हणून रजा मिळाली नाही. ऐन वेळी उड्डाण पुढे ढकललं, पण लग्न लागून गेलं होतं. पावसाळ्यानंतर रॉकेट वर गेलं, तेव्हा आम्ही सगळे रडलो. तसा आनंद पुन्हा मिळाला नाही.

"आजी, तुला राग नाय आला?"

"आला ना गं! वर्षभर दादाशी बोलले नाय. पण तू शीक."

मला हे आजच कळलं. तेव्हा वाटलं होतं, सुमन सासरी रमली.

तुमच्या घरी कुणी असं गप्प राहिलं होतं का?