तोंड हुंगणारी खाला

खाला मुलांची तोंडं हुंगायची. हृदयाच्या वॉर्डातली ती आया, सगळे तिला खाला म्हणजे मावशी म्हणायचे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कॉटपाशी वाकून म्हणायची, “आ कर, बेटा,” आणि नाक थेट ओठांपाशी. सिस्टरांच्या कागदावर ‘उपाशी’ लिहिलेलं असायचं, पण खालाचा कागदापेक्षा स्वतःच्या नाकावर भरवसा.

माझ्या हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. नवव्या वर्षी ती टाके घालून दुरुस्त करायचं ठरलं, म्हणून आई मला वैजापूरहून औरंगाबादला घेऊन आली. मी भ्याले होते आणि आई माझ्याहून जास्त. आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात. त्या सकाळी आईने पडद्याआड माझ्या हातावर दही-साखर घातली. शकुन पक्का व्हावा म्हणून चांगली तीनदा.

खालाने हुंगलं आणि ती आईकडे वळली. “माय, दही दिलं?”

“जरासंच. शकुनाचं हाय.”

“भूल दिल्यावर ते वर येऊन छातीत गेलं, तर लेकरू हाती लागत नाय.”

आईने उरलेलं दही मोरीत ओतलं. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं.

ते दोन दिवस आठवले की अजून नको वाटतं. ट्रॉलीचं चाक वाजलं तरी मी चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे. आई लाजेने खालाशी बोलत नव्हती. खाला मात्र काम उरकून माझ्या पायाशी येऊन बसायची. ‘भिऊ नको’ असं ती कुणालाच म्हणत नसे. “भी की,” म्हणायची. “पोटात भीती चालती, दही चालत नाय.” तिसऱ्या दिवशी आईनेच माझी हनुवटी धरून तिच्यापुढे केली.

झडप पुढे पुन्हा गळू शकते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. गेल्या वर्षी ती गळू लागली. पुन्हा तेच शहर, तसाच वॉर्ड. खाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने विचारलं, “काही खाल्लं नाही ना?” मी नाही म्हणाले, तिने लिहून घेतलं आणि ती गेली. पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सिस्टर गेली त्या दाराकडे मी बघत राहिले. कुणी तपासलंच नव्हतं.

उशाशी सत्तरीची आई बसली होती. माझ्याकडे बघून ती काठी टेकत उठली आणि वाकली.

“आ कर, बेटा,” म्हणाली. एरवी ती मला कधी बेटा म्हणत नाही.