सोफ्यावरचा राखणदार आणि बांधावरची कुत्री

कार्टूनमधल्या कुत्र्याला सोफा होता. लाल, गुबगुबीत. मालक बाहेर गेले की तो त्यावर तंगड्या पसरून लोळायचा, फ्रीज उघडून कोंबडी खायचा आणि बेल वाजली की छाती काढून दारात उभा राहायचा. "मी आहे तोवर या घराला काही होणार नाही!" मग खिडकीतून बिबट्या यायचा, केळ्याच्या सालीवरून घसरायचा, पंख्याला लटकायचा आणि शेवटी कुत्र्याचा ढेकर ऐकून पळत सुटायचा. पाच मिनिटांची गंमत. पुण्यातली एक छोटी कंपनी ती बनवत होती आणि जुन्नर-आंबेगावातल्या वस्त्यांवर दाखवणार होती. लोकांच्या मनात बिबट्याची भीती बसली आहे, ती हसवून कमी करायची, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. संवाद इकडच्या बोलीत हवे होते, आणि मी जुन्नरला राहते, लिहिते, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी हो म्हटलं. लिहायला मिळतंय तर त्यात एखादं खरं वाक्य घुसवता येईल, एवढाच माझा हिशेब. मला ही सवय घरातून लागली आहे. माझे वडील चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी रस्त्याकडेला सतरंजी टाकून पुस्तिका विकायचे. पातळ गुलाबी कव्हरं, बोटाला शाई लागेल अशी छपाई. मी वाचायला शिकले ती त्या पुस्तिकांवर. त्यातल्या एकीत गावच्या वेशीवर राखण करणाऱ्या आमच्या पूर्वजांविषयी लिहिलं होतं. गाव आत झोपायचं, राखणदार वेशीबाहेर. सकाळी त्याच्या झोळीत शिळी भाकरी पडायची. आमच्या माणसांनी ते काम एके दिवशी टाकून दिलं, ती भाकरी नाकारली, हे वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

बोली कानावर घ्यायला मी आत्याकडे गेले. तिची वस्ती आळे गावाच्या पुढे, कालव्याला लागून. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला आत येणारी गाडीवाट. घर पक्कं आहे, दाराला लोखंडी जाळी, शेळ्यांच्या गोठ्यालाही जाळी. आणि घरापासून लांब, अगदी उसाच्या तोंडाशी, बांधावर एक मेख ठोकलेली. त्या मेखेला साखळी आणि साखळीला कुत्री. तांबूस रंगाची, कानाचा एक कोपरा फाटलेला, गळ्यात लोहाराकडून करून घेतलेला खिळ्यांचा पट्टा. खिळ्यांची टोकं बाहेर, म्हणजे बिबट्यानं नरडं धरलं तर त्याच्या तोंडाला टोचावीत. समोर फुटक्या मडक्याचा तळ, त्यात वाळलेली भाकरी आणि तिच्यावर मुंग्या.

"आत्या, ती एवढ्या लांब का बांधलीय?" मी विचारलं.

"मग काय मांडीवर घ्यू? उसातनं आला की आदी तिच्यापाशीच येतोय ना त्यो. तिला घिऊन जातोय. शेरडं वाचत्यात."

तिनं हे शेंगा फोडता फोडता सांगितलं. वस्तीवर सगळ्यांचं असंच चालतं. कुत्रं राखणीला ठेवतात, म्हणजे भुंकायला नव्हे, खाल्लं जायला. ते गेलं की दुसरं आणायचं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली की बांधलेल्या कुत्र्याच्या वासानंच बिबट्या घराजवळ येतो, उलट धोका वाढतो. लोकांनी माना डोलावल्या, चहा पाजला आणि दिवस मावळताना कुत्री बांधली.

"हिचं नाव काय?"

"नाव न्हाई ठिवत आमी. नाव ठिवलं की जीव लागतो. मग ग्येली की घास उतरत न्हाई."

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ओट्यावरून हसले. "तुजी आत्या लई हळवी हाय. पयल्या कुत्र्याला नाव ठिवलं व्हतं, तर आठ दिस चूल न्हाई पेटली घरात."

"गप बसा. दोन दिस व्हतं," आत्या म्हणाली आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेली.

मला किळस आली. मामांची नाही, आत्याचीही नाही. त्या मडक्याची. ती भाकरी मी ओळखत होते. गुलाबी कव्हराच्या पुस्तिकेत वाचलेली भाकरी होती ती, आणि आमच्याच माणसांनी ती दुसऱ्याच्या पुढ्यात टाकली होती. मी रात्री वडिलांना फोनवर हे सांगितलं, तर ते भडकले. "माणसाची गोष्ट जनावराला लावू नकोस. उद्या कुणी आपल्याला त्यावरून बोलेल."

"मी माणसाची लावत नाही. जागेची लावतेय. कुणीतरी बाहेर असलंच पाहिजे, असं ठरवणाऱ्यांची लावतेय."

"शेळ्या गेल्या तर तू भरून देणार आहेस का तुझ्या आत्याला?"

आत्याच्या घरातला हातखर्च, औषधं, नातीची फी हे सगळं त्या शेळ्यांवर चालतं हे मला माहीत आहे. पण म्हणून ती साखळी मला दिसायची थांबली नाही.

मी संवाद लिहून दिले. शेवटी कुत्र्याच्या तोंडी एक वाक्य टाकलं. मालक परत येतात, दार आतून लावून घेतात, तेव्हा कुत्रा जाळीतून विचारतो, "तुम्ही आत, मी बाहेर. मग मी राखतोय ते घर कुणाचं?"

दिग्दर्शकानं ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "छान आहे. पण काढ. इथं ढेकर येतो."

"ढेकर आधीच येऊन गेलाय."

"दुसरा ढेकर. पोरं ढेकराला हमखास हसतात."

"आणि साखळी? पट्टा? अख्ख्या फिल्ममध्ये कुत्रा कुठं बांधलेलाच नाही."

"हे बघ, साखळी दाखवली की प्राणीप्रेमी ओरडणार, न दाखवली की तू ओरडणार. साखळी आहे गं. फक्त फिल्ममध्ये नाही."

पट्टा मात्र त्याला आवडला. मी मोबाईलवर काढलेला फोटो बघून तो खूश झाला आणि फिल्ममधल्या कुत्र्याच्या गळ्यात त्यानं चकचकीत खिळ्यांचा पट्टा घातला, मोटारसायकलवरच्या हिरोसारखा. मग त्याला खऱ्या कुत्र्याचा आवाजही हवा झाला. पुढच्या आठवड्यात तो आणि एक ध्वनिमुद्रक माझ्यासोबत वस्तीवर आले. ऊन कलतं होतं. कुत्री आधी शेपूट हलवत होती, ध्वनिमुद्रकाच्या बुटाचा वास घेत होती. मग वारा फिरला. तिनं उसाकडं तोंड केलं, पोट जमिनीला चिकटवलं आणि तिच्या घशातून एक बारीक, चिरका आवाज निघायला लागला. साखळी ताणून ती घराच्या दिशेनं सरकायची, गळ्याला हिसका बसला की थांबायची, पुन्हा सरकायची. तिच्या अंगाखाली माती ओली झाली.

"वा! कसला क्यूट आवाज काढतेय," दिग्दर्शक कुजबुजला. "घे, घे, सगळं घे."

मामांनी आम्हाला हाकलून आत घेतलं. "आवरा पावणं, ह्यो टाईम वाईट हाय." कुत्री बाहेरच राहिली. त्या दिवशी बिबट्या आला नाही, किंवा आला असेल तर त्यानं दुसरी वस्ती बघितली. मी रात्री वस्तीवरच राहिले आणि उजाडताच बांधावर धावले; ती जिवंत होती. परत आले तेव्हा आत्या म्हणाली, "तुला एवढंच वाटतंय तर नको जाऊस तिकडं सकाळच्याला."

मी दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं की तो आवाज वापरू नका. तो भीतीचा आवाज आहे. तो म्हणाला, "प्रेक्षकाला काय कळणार आहे?"

प्रेक्षकाला कळलं नाहीच. खेळ आत्याच्या वस्तीजवळच्या बौद्ध विहारात ठेवला होता, अंधार पडायच्या आत लोकांना घरी जाता यावं म्हणून लवकर. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीला पांढरी चादर. बायका एका बाजूला, पोरं पुढं, पुरुष दाराजवळ. मी आत्याशेजारी बसले. सोफा आला तेव्हाच लोक हसायला लागले.

"आरं, ह्याच्यापरीस आपलंच हाल वाईट हायती!"

"सरपंचाचं कुत्रं दिसतंय राव!"

ढेकराला छप्पर उडायची वेळ आली. आत्या तोंडाला पदर लावून इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला तिचा राग आला, शेजारच्या बाईचा आला, टाळ्या पिटणाऱ्या पोरांचा आला. या सगळ्यांच्या बांधावर एकेक मेख होती. थोड्या वेळानं ही सगळी माणसं उठणार, घरी जाणार, कुत्र्यांना बांधावरच ठेवणार आणि आतून कडी लावणार होती. आणि त्याच कुत्र्याच्या सोफ्याला हसत होती.

मग पडद्यावर बिबट्यानं खिडकीतून डोकं घातलं आणि कार्टूनमधला कुत्रा सोफ्यामागं लपून कुंई कुंई करायला लागला. तोच आवाज. चिरका, तुटक, मध्येच हिसक्यानं थांबणारा. त्या हिसक्यावर त्यांनी कुत्र्याची शेंडी उडताना दाखवली होती. अख्खा विहार हसला.

आत्याचं हसणं बंद झालं. ती पदर खाली घेऊन चादरीकडं बघत राहिली. "ही आपलीच हाये," ती हळू म्हणाली.

"हो."

"तवा, ती माणसं आली व्हती तवा?"

"हो."

पुढच्या रांगेतून एक शेजारीण वळली. तिलाही आवाज ओळखू आला होता. "अवं वयनी, तुमची कुत्री पिक्चरमधी ग्येली! आता तिला साडी-चोळी करा!" पुन्हा हशा. आत्या उठली आणि माणसांच्या मधून वाट काढत बाहेर पडली. मी मागोमाग. दारात दिग्दर्शक उभा होता, चेहरा फुललेला. "बघितलंस? त्या आवाजाला सगळ्यात जास्त हसले." मी त्याला सांगितलं, फिल्मवरून माझं नाव काढा. तो म्हणाला, "बरं," इतक्या सहज, की मला ते नाव तिथं असल्याचीच लाज वाटली.

आत्या घरी जाऊन थेट बांधावर गेली. खिळ्यांनी हात ओरबाडून घेत तिनं पट्टा सोडला, कुत्रीला मानेला धरून ओढत पडवीत आणलं आणि जाळीचं दार लावलं. मामा गोठ्यातून बाहेर आले.

"शेरडं?"

"शेरडांना जाळी हाये."

"जाळीला काय भेतोय त्यो?"

"मग दुसरी जाळी लावा. माज्या कानात बसलाय तिचा आवाज. मी न्हाई बांधायची तिला."

मामा पुन्हा गोठ्यात गेले. मला वाटलं, जिंकलो आपण. मी जुन्नरला परत येताना एसटीत मनातल्या मनात त्यावर लेख लिहून काढला. शीर्षकसुद्धा ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी गेले. कुत्री पडवीत पोत्यावर झोपली होती. आत्यानं तिला दूध-भाकरी घातली होती आणि नावही ठेवलं होतं, ते मला लाजत सांगितलं. मी पाणी प्यायला बाहेर आले आणि बांधाकडं नजर गेली. मेखेला साखळी होती. साखळीला एक काळं पिल्लू. खिळ्यांचा पट्टा त्याला मोठा होत होता, म्हणून सुतळीनं आवळलेला.

"आत्या, हे काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "त्ये? त्ये न्हाई आपलं अजून."

मी बांधावर गेले. पिल्लाच्या गळ्यातली सुतळी दातानं तोडली, पट्टा बाजूला टाकला आणि त्याला ओढणीत गुंडाळलं. मामा मागून आले, ओरडले नाहीत.

"न्ये," ते म्हणाले. "उद्या दुसरं गावंल. वस्तीवर पिल्लांचा काय तोटा हाये?"

ते रागानं बोलले असते तर मला भांडता आलं असतं. मी एका हातानं मेख हलवायला लागले. ती खोल होती. पिल्लू खाली ठेवलं, दोन्ही हातांनी हलवली, पहारीनं उकरली. मामा उसाकडं नजर ठेवून उभे राहिले, मला घाई कर म्हणत. मेख निघाली तेव्हा मी ती साखळीसकट कालव्यात टाकली.

मामांनी पायानं माती लोटून खड्डा बुजवला, तळव्यानं दाबून सपाट केला आणि विचारलं, "जेवून जाशील ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि पिल्लू घेऊन गाडीवाटेला लागले.