एस्तेरची पट्टी

दुपारचे तीन वाजलेत. कानांवर हेडफोन आहेत, समोर कॉम्प्युटर आहे आणि माझी मान हळूहळू खाली जाते आहे. जेवल्यावर लगेच या कामाला बसायला नको होतं, हे कळतंय. पण रविवारी हंगामाचा सण आहे आणि गाणं अर्धंच झालंय.

आमच्या चर्चच्या गायनमंडळात आता चौघंच उरलोय, तीही चार गावांना. म्हणून माझी भाची ग्रेस हिनं पुण्याहून फोनवर तासभर डोकं खाऊन मला हे शिकवलं. एकेकानं आपला आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या मांडायच्या आणि सगळ्या एकदम वाजवायच्या. आधीची पट्टी हेडफोनमध्येच ऐकायची, नाहीतर ती माइकमध्ये शिरते. वरचा आवाज मी सकाळीच गायलाय; त्या पट्टीला ‘करुणा’ असं माझं नावही दिलंय. अडलंय ते दुसऱ्या पट्टीपाशी, खालच्या आवाजापाशी.

तो आवाज सव्वीस वर्षं एस्तेर पगारेचा होता. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि तिची चाल कुणालाच येत नाही. कागदावर कुठं लिहिलेलीही नाही. सकाळपासून आठवून पाहतेय, पण तोंड उघडलं की गळा आपसूक वरच्या सुरात जातो.

पडद्यावरच्या पट्ट्या रुंद होतात. त्या सतरंज्याच आहेत, चर्चमध्ये अंथरलेल्या. दुसरीवर एस्तेर बसली आहे, मांडीवर भलंमोठं डांगर घेऊन.

मला नवल वाटत नाही. डांगर सणाला अर्पण करायला का, एवढंच विचारते. मग काय हात हलवत येऊ, असं ती म्हणते आणि ही सतरंजी कुणाची ते विचारते. मी सांगते, तुझीच, आता प्रत्येकाला वेगळी आहे. हे तिला फार आवडतं. आमच्यातले योहानमामा सगळ्यांना झाकून टाकतील असे गातात. त्यांचा एकट्याचा आवाज कमी करता येतो का, हे ती दबक्या आवाजात विचारते. येतो म्हटल्यावर ती इतकी हसते की मांडीवरचं डांगर घरंगळतं आणि सीटखाली जातं, कारण आम्ही नेवाशाच्या एसटीत बसलोय, शाळा सुटल्यावर बसायचो तशा, मागच्या बाकावर. खिडकीबाहेर उसाच्या जागी माझ्या आवाजाचे निळे उंचवटे पळताहेत.

“एस्तेर, तुझी चाल सांग ना,” मी म्हणते.

ती गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी बाहेर बघते.

“मला येतच नव्हती गं.”

“म्हणजे?”

“पाळकबाईंनी पहिल्या दोन ओळी शिकवल्या आणि त्यांची बदली झाली. पुढचं मी आपलं तुझ्या जरा खालून चालत राहायचे. दर रविवारी निराळं.”

“सव्वीस वर्षं?”

“तू केवढ्यांदा गायचीस. तुला कुठून कळणार?”

मला राग यायला हवा, पण हसू येतंय. तिनं माझ्याकडे ठेवायला दिलेलं काहीतरी माझ्या हातून हरवलं, असं दोन वर्षं वाटत होतं. तसं काही नव्हतंच. मग मी काय गाऊ, असं विचारते तेव्हा ती माझ्या एका कानावरचा हेडफोन हळूच मागे सरकवते.

“वर करुणा गातेय ना? गाऊ दे तिला. तू तिच्या खालून चल.”

“आणि चुकले तर?”

“मी चुकायचे तिथं हळू गायचे.”

बसमध्ये आता शाळेची मुलं प्रार्थनेच्या रांगा करून उभी आहेत. मी गाते. एस्तेर डांगर कुशीत धरून ऐकते आहे; एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती ऐकणाऱ्यांत आहे. गाणं संपायच्या आत तिचा थांबा येतो.

डोळे उघडतात तेव्हा माझं कपाळ कीबोर्डवर टेकलेलं आहे आणि पडद्यावरची दुसरी पट्टी शेवटपर्यंत भरली आहे. माझ्याच डोक्याच्या वजनानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं असणार, आणि वरची पट्टी माझ्या कानात वाजत राहिली असणार.

मी ती सुरुवातीपासून ऐकते. पहिली तीन कडवी माझं घोरणं आहे, तेही बेताल. चौथ्याला घोरणं थांबतं. मग झोपेनं जड झालेला माझा आवाज वरच्या सुराच्या खालून चालू लागतो. एका जागी अडखळतो, हळू होतो, पुन्हा पुढे जातो.

घोरणं मी पुसून टाकते. चौथं कडवं राहू देते, अडखळलेल्या जागेसकट.