यंदा नागपूर नाही

अमेरिकेतल्या चँडलर शहरात राहणाऱ्या आमच्या वृंदाकाकू चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. आजवरची त्यांची प्रत्येक सुट्टी नागपूरला गेली. जाताना बॅगभर चॉकलेटं, येताना बॅगभर लोणची. यंदा मात्र त्यांनी क्रोएशियाचं तिकीट काढलं. तिथल्या इस्त्रिया नावाच्या द्वीपकल्पावर सायकल चालवायची, टेकड्या चढायच्या आणि किनाऱ्यावर नुसतं लोळायचं.

नागपूरच्या थोरल्या बहिणीला, ताईला, फोनवर हे सांगताना काकूंचा आवाज आधीच चढला होता. "कुणाचं लग्न नाही, मुंज नाही. मी फक्त मजा करायला चाललेय. रागवायचं तर रागव!"

ताई म्हणाली, "रागवू कशाला? दरवर्षी तू येतेस, म्हणून मीच कुठे जात नाही. दोन सायकली बुक कर."