पहिला बॉल खांबेट्यांचा

रवींद्र खांबेट्यांच्या गाडीच्या डिकीत एक शाल आणि एक नारळ कायम असायचा. एकवेळ स्टेपनी नसली तरी चालेल, पण शाल-नारळ हवाच. कुठे कोणाचा सत्कार करायची वेळ येईल सांगता येत नाही, असं ते म्हणायचे. खरं कारण निराळं होतं. सत्कार करणाऱ्याचाही फोटो निघतो, हे त्यांना पुण्यातच उमगलं होतं. एकोणऐंशी साली सिएटलला उतरताना त्यांनी जी काही विद्या बरोबर आणली, त्यातली तेवढी एकच पुढे कामी आली.

तसं त्यांचं बरं चाललं होतं. विमानांच्या कारखान्यात इंजिनियर, बॉथेलला दोन गाड्यांच्या गॅरेजचं घर, हिवाळ्यात मफलर आणि उन्हाळ्यातही मफलर. आमच्या मराठी मंडळाचे ते सलग चौथ्यांदा अध्यक्ष होते. दुसरं कोणी व्हायला तयार नसायचं हे त्याचं कारण, पण मंडळाच्या अंकात दर वर्षी 'लोकाग्रहास्तव' असं छापून यायचं. अंक तेच छापायचे.

मी आणि माझा नवरा अतुल पहिल्यांदा मंडळात गेलो, तेव्हा त्यांनी दारातच आडनाव विचारलं. गजभिये म्हटल्यावर म्हणाले, "अच्छा." मग जरा थांबून, "अच्छा, अच्छा. नागपूरकडचे." आणि मग आमच्या खांद्यांवर हात ठेवून, "इथे अमेरिकेत आम्ही तसलं काही मानत नाही हं." आम्ही काही विचारलेलंच नव्हतं. ज्याच्या डोक्यात ते नसतं, त्याच्या तोंडावर ते पहिल्या दोन मिनिटांत येत नाही, एवढी अक्कल मला एकविसाव्या वर्षीच आली होती.

आता त्यांच्या बेसबॉलबद्दल. आमच्याकडून अर्ध्या तासावर एक छोटं स्टेडियम होतं. मोठ्या लीगमध्ये जायची वाट बघणारी पोरं तिथे खेळायची. टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. एक माणूस बगळ्याचा पोशाख घालून प्रेक्षकांत हिंडायचा आणि लहान मुलांना टाळ्या द्यायचा. लाकडी बाकं, हॉट डॉगचा वास, पलीकडे डोंगर. मला ती जागा फार आवडायची. खांबेटे मात्र नाक मुरडायचे. "हा काय खेळ आहे? विटीदांडूतली विटी काढून घेतली आणि म्हणे नॅशनल गेम!" ते स्वतः कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये होते. बारावे होते आणि पाणी न्यायचे, हे त्यांच्याच एका वर्गमित्राने आम्हाला सांगितलं. तो एकदा येऊन गेला, पुन्हा काही त्यांच्याकडे उतरला नाही.

मग पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांना एक बातमी कळली. एखाद्या संस्थेने एकगठ्ठा तिकिटं घेतली, तर तिचं नाव तिथल्या मोठ्या बोर्डावर झळकतं आणि तिच्या एका माणसाला खेळ सुरू होण्याआधी मैदानात बोलावून पहिला बॉल टाकायला देतात. नाव भोंग्यावर पुकारतात आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवतं. झालं! त्या दिवसापासून बेसबॉल हा अत्यंत बुद्धिमान खेळ ठरला.

वर्षभर खांबेट्यांनी त्या स्टेडियमची पाठ सोडली नाही. मॅच असो की नसो, हे हजर. हॅलोविनला तिथे मुलं सोंगं घेऊन बाकांमधून फिरतात आणि चॉकलेटं गोळा करतात. हे फेटा, धोतर आणि खांद्यावर शाल अशा थाटात मंडळाची ओळख करून द्यायला गेले. लोकांना वाटलं हेही सोंगच. त्यांना मोठ्या माणसांमधल्या सगळ्यांत छान सोंगाचं बक्षीस मिळालं. अंकात बातमी आली: 'अमेरिकन समाजातर्फे अध्यक्षांचा गौरव.' डिसेंबरात तिथे दिव्यांची आरास असते आणि खेळाडूंच्या बाकावर सांताक्लॉज बसतो. खांबेट्यांनी त्याला शाल पांघरली. तो लाल कोटात आधीच घामाघूम झाला होता. एप्रिलमध्ये ईस्टरची अंडी शोधायला पोरं गवतावर धावत होती, तेव्हा हे तिकिटं विकणाऱ्या डेबीला कोपऱ्यात गाठून आपल्या संस्कृतीत अंड्याला काय स्थान आहे ते समजावत होते. घरी त्यांच्या अंडं चालत नव्हतं. शेवटी डेबीने जुलैमधल्या एका रविवारची दुपारची मॅच मंडळाच्या नावावर केली. मला वाटतं, जीव सोडवून घ्यायला केली.

आता बॉल कोणी टाकायचा? सगळ्यांना वाटलं, हा प्रश्नच नाही. पण कमिटीत कोणीतरी छान कल्पना काढली. उन्हाळ्यात आमच्या प्रत्येक घरात कोणाचे ना कोणाचे आईवडील आलेले असतात. दिवसभर बिचारे खिडकीतून रस्ता बघत बसतात. तर त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला हा मान द्यावा. कल्पना इतकी चांगली होती की खांबेट्यांना चारचौघांत नाही म्हणता येईना. वयं विचारली गेली. सगळ्यांत मोठे निघाले माझे सासरे, जगन्नाथ गजभिये, वय चौऱ्याहत्तर, नागपूरच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून रिटायर. खांबेटे म्हणाले, "अच्छा. अच्छा."

बाबा तसे कशाने हरखून जाणारे नव्हते. नायगारा बघून म्हणाले होते, "पाणी भरपूर आहे." पण हे ऐकल्यावर संध्याकाळी मला म्हणाले, "उपासना, घरात एखादा बॉल आहे का?" टेनिसचा होता. मग रोज जेवण झालं की गॅरेजच्या दारावर खडूने चौकोन काढून सराव सुरू. बाबा टाकायचे, मी आणून द्यायची. खांदा दुखायला लागला तर मला सांगायचे नाहीत, रात्री गुपचूप तेल चोळायचे. एकदा दम खायला पायरीवर बसले असताना म्हणाले, "शाळेत मास्तरांकडे लाल चेंडू होता. पोरं खेळायची, मी बाहेर बसायचो. चेंडू गटारात गेला की मला आवाज द्यायचे. मी काढून ठेवायचो, मग ते बादलीभर पाण्यात धुऊन घ्यायचे. हातात तेवढाच वेळ यायचा." आणि उठून पुन्हा टाकायला लागले. त्यांना तो बॉल टाकायचाच होता. इतक्या वर्षांत मी तरी त्यांना स्वतःसाठी दुसरं काही मागताना पाहिलं-ऐकलं नव्हतं.

मॅचच्या आदल्या आठवड्यात खांबेटे आमच्या घरी आले. हातात एक कागद, त्यावर कार्यक्रमाची रूपरेषा. "काका, तुम्ही मैदानात जाल. आधी नारळ वाढवायचा. मग बॉलला हळदकुंकू वाहायचं. मी गणेशस्तवन म्हणेन, तुम्ही हात जोडून उभे राहा. मग बॉल टाका. कसं?"

बाबा शांतपणे म्हणाले, "खांबेटे साहेब, आम्ही बौद्ध आहोत. पूजा मी नाही करत. नारळ तुम्ही फोडा, मी बाजूला उभा राहीन. बॉल मी टाकतो."

"अहो, ही काही पूजा नाही, हे आपलं कल्चर आहे."

"तुमचं आहे. करा ना. मी कुठे अडवतो?"

"हरकत नाही, काका, हरकत नाही," खांबेटे म्हणाले. "तुमच्या भावनांचा आदर आहे." इतक्या गोड आवाजात म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. जाताना चहाही घेतला, दोन बिस्किटंही खाल्ली.

रविवारी बाबांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. गाडीत सगळा वेळ उजवा खांदा फिरवत होते. स्टेडियमच्या दारात मंडळ जमलं होतं आणि तिथेच कमिटीतल्या विवेक कुलकर्ण्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "काय काका, का नाही म्हणालात? टाकायचा होता ना बॉल! मजा आली असती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अतुल तरातरा खांबेट्यांपाशी गेला. "काका, हे काय ऐकतोय? बाबा टाकणार होते ना?"

खांबेट्यांनी डोळे मोठे केले. "अरे, काकांनीच नको म्हटलं की! उपासनासमोर म्हणाले. म्हणून मी कमिटीला कळवलं. आता ऐन वेळी कोण मिळणार, यार? मग म्हटलं, चला, मीच करतो ॲडजस्ट."

"पूजा नको म्हणाले," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "बॉल टाकतो म्हणाले. तुम्ही दोन्ही कानांनी ऐकलंय."

"उपासना, प्लीज, इथे सीन नको. अमेरिकन लोक बघतायत." पूजा नको हे बॉल नको कसं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? कमिटीतले बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत उभे होते. सुशिक्षित माणसांना बुटांचं भारी आकर्षण असतं. एवढ्यात डेबी आली आणि खांबेट्यांना घेऊन गेली.

भोंग्यावरून नाव पुकारलं, "रॅव्हिन्ड्रा कॅम्बेटी!" खांबेटे फेटा बांधून, एका हातात ताम्हण आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन अवतरले. त्यांना मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभं राहून फक्त बॉल टाकायचा होता. पण ते सरळ चालत गेले होम प्लेटपाशी. म्हणजे जिथे बॅट घेऊन माणूस उभा राहतो, तिथे जमिनीत बसवलेला पांढरा तुकडा असतो, त्याच्यापाशी. दिसतो फरशीसारखा. असतो रबराचा. वर्षभर उंबरे झिजवूनही या माणसाला खेळातलं तेवढंही कळलं नव्हतं. त्यांनी स्तवन म्हटलं, अंपायर घड्याळ बघत राहिला. मग त्यांनी ताम्हण खाली ठेवलं, नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि सगळा जोर लावून त्या पांढऱ्या तुकड्यावर आपटला.

नारळ टुणकन उडाला. तो कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे बॉल झेलायला बसणाऱ्याच्या, कानाजवळून गेला, गडगडत खेळाडूंच्या बाकाकडे निघाला, आणि बगळ्याने झेप घेऊन पकडला. सगळं स्टेडियम उभं राहून ओरडलं. दिवसातली सगळ्यांत मोठी दाद तीच. खांबेट्यांना वाटलं ती आपल्याला आहे. त्यांनी फेटा सावरला आणि हात जोडले. मग बॉलला कुंकू लावलं, उंचवट्याच्या मागे जाऊन क्रिकेटमधल्यासारखे लांबून धावत आले आणि हात फिरवला. बॉल निम्म्या वाटेत पडला आणि तिथेच बसला. कॅचरने पुढे येऊन तो उचलला, त्यावर सही केली, खांबेट्यांना परत दिला.

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. हात मांडीवर ठेवून ते मैदानाकडे बघत होते. अतुल म्हणाला, "बाबा, घरी जायचं का?" ते म्हणाले, "का? खेळ आहे ना?" संपूर्ण मॅच त्यांनी बघितली. कोण बाद का झाला ते अतुलला विचारत होते. मधूनच उजवा हात डाव्या हाताने दाबून धरत होते, आणि ते बघून माझं हसू आटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात खांबेटे. गणपतीसाठी अतुलच्या कंपनीचा हॉल मंडळाला फुकट मिळायचा आणि त्यासाठी अतुलने ऑफिसात करायचा फोन अजून गेला नव्हता, हे मी दार उघडतानाच ओळखलं. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. खांबेटे त्यांच्या शेजारी बसले आणि खिशातून तो बॉल काढला.

"काका, त्या दिवशी थोडं मिसअंडरस्टँडिंग झालं. मला फार वाईट वाटलं. म्हणून हा खास तुमच्यासाठी आणलाय. कॅचरची सही आहे बघा. शोकेसमध्ये ठेवा."

बाबांनी बॉल हातात घेतला. पहिल्यांदाच बेसबॉलचा खरा बॉल त्यांच्या हातात येत होता. त्यांनी शिवण बोटाने चाचपली, गवताचा हिरवा डाग बघितला, कुंकवाचा लाल डाग बघितला. मग तो परत खांबेट्यांच्या हातात ठेवला.

"मला टाकायचा होता, साहेब. ठेवायचा नव्हता."

"अहो, पण घ्या ना. मनापासून देतोय."

"छप्पन्न साली बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा मी तिथे उभा होतो," बाबा म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "त्या दिवसापासून दुसऱ्याने वापरून झालेलं आम्ही घेत नाही."

खांबेटे त्यांच्याकडे बघत राहिले. मला क्षणभर, अगदी क्षणभर वाटलं, पोचलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अहो काका, एकदाच तर टाकलाय!" ते म्हणाले, आणि बॉल शर्टाला पुसून त्यांनी पुन्हा पुढे केला.